कडक की मऊ: डिस्क गोल्फची डिस्क नागपूरच्या हवेत कशी निवडायची

बऱ्याच डिस्कच्या माथ्यावर ‘सॉफ्ट’, ‘मीडियम’ किंवा ‘फर्म’ असं छापलेलं असतं, पण ते किती अंश तापमानाला हे कुणी छापत नाही. डिस्क बनवणाऱ्या बहुतेक मोठ्या कंपन्या अमेरिका आणि स्वीडनमधल्या. तिथल्या वीस-बावीस अंशांच्या हवेत जी डिस्क मीडियम वाटते, तीच नागपुरात मे महिन्याच्या संध्याकाळी पाच वाजता पिशवीतून काढली की चांगलीच मऊ लागते. डिसेंबरात सकाळी साडेसहाला तीच डिस्क बोटांना कडक आणि गुळगुळीत जाणवते. त्यामुळे ‘कडक चांगली की मऊ’ याचं एकच उत्तर आपल्याकडे चालत नाही. महिना, वेळ, मैदान आणि फेक बघून ते ठरवावं लागतं.

खेळ ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. डिस्क गोल्फमध्ये चेंडूऐवजी डिस्क असते आणि खड्ड्याऐवजी साखळ्या लटकवलेलं लोखंडी बास्केट. कमीत कमी फेकींत डिस्क बास्केटमध्ये पोचवायची. एड हेड्रिक यांनी 1975 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला कायमचा कोर्स आखला. साखळ्यांचं बास्केटही त्यांचंच. 1976 मध्ये पीडीजीए (प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन) ही संघटना सुरू झाली आणि डिस्कचं माप, वजन, लवचिकता यांचे नियम तीच ठरवते. लांब फेकायला रुंद, धारदार काठाची ड्रायव्हर, मधल्या अंतराला मिडरेंज आणि बास्केटजवळून टाकायला बोथट, खोल काठाची पटर असे डिस्कचे मुख्य प्रकार. कडक-मऊचा प्रश्न सगळ्यात जास्त पटरच्या बाबतीत पडतो, म्हणून खालचा बराच मजकूर पटरबद्दल आहे.

तीन गुण, तिन्ही वेगळे

नव्या खेळाडूंची सगळ्यात मोठी गल्लत इथे होते. कडकपणा म्हणजे डिस्क वाकवायला किती जोर लागतो. पकड म्हणजे तिचा पृष्ठभाग बोटांना किती धरतो. टिकाऊपणा म्हणजे दगड-झाडांचा मार खाऊन ती आकार किती टिकवते. हे तीन गुण एकत्रच येतात असं मुळीच नाही.

इनोव्हाचं डीएक्स किंवा डिस्क्राफ्टचं प्रो-डी ही स्वस्त, मूळ दर्जाची प्लास्टिकं घ्या. ती बऱ्यापैकी कडक असतात, कोरड्या हाताला त्यांची पकडही छान, पण टिकाऊपणा कमी. इनोव्हाचंच चॅम्पियन हे काचेसारखं चकचकीत प्लास्टिक घट्ट आहे, वर्षानुवर्षं झिजत नाही, पण हात ओला असला की निसटतं. त्याच कंपनीचं जीस्टार मऊही आहे, पकडीलाही चांगलं आणि बऱ्यापैकी टिकतंही. म्हणजे ‘मऊ घेतली की पकड मिळेल’ हे अर्धंच खरं. पकड हवी म्हणून मऊ डिस्क घेणाऱ्याला बरेचदा खरी गरज असते ती कडक पण खरबरीत डिस्कची.

स्वस्त प्लास्टिक आणि महाग प्लास्टिक यांतला फरक मुळात पदार्थाचा आहे. महागड्या डिस्कमध्ये साधारणपणे टीपीयू, म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन वापरतात. याच्या लांब रेणूसाखळ्यांमध्ये घट्ट तुकडे आणि सैल तुकडे आळीपाळीने असतात. घट्ट तुकड्यांचं प्रमाण वाढवलं की प्लास्टिक कडक होतं, सैल तुकड्यांचं वाढवलं की मऊ. उद्योगात हा कडकपणा ‘शोर’ नावाच्या मापात मोजतात: मऊ पदार्थांसाठी ए श्रेणी, कडक पदार्थांसाठी डी. डिस्कवर मात्र हा आकडा सहसा देत नाहीत. एका कंपनीची मीडियम दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टएवढी निघाली तर म्हणूनच नवल नाही.

हवा तापली की सैल तुकडे आणखी सैल होतात आणि अख्खी डिस्क नरम पडते. गुळाची ढेप मे महिन्यात बोटाने दबते आणि जानेवारीत सुरीला दाद देत नाही, तसाच प्रकार. सगळी प्लास्टिकं सारखी नरम पडत नाहीत, पण जी मुळातच मऊ आहे तिचा त्रास आधी दिसतो.

हातातून सुटताना

पटिंग करताना बोटं डिस्कच्या आतल्या काठाला टेकलेली असतात आणि अंगठा वर. सोडायच्या क्षणी डिस्कने बोटांमधून स्वच्छ निघायला हवं. कडक डिस्क अशी निघते. मऊ डिस्कचा काठ बोटांच्या दाबाने किंचित आत दबतो, आणि पृष्ठभाग चिकट असेल तर ती हातात क्षणभर रेंगाळते. उजव्या हाताने बॅकहँड टाकणाऱ्याचा हात डावीकडून उजवीकडे जातो. त्यामुळे उशिरा सुटलेली डिस्क बास्केटच्या उजवीकडे जाते आणि लवकर निसटलेली डावीकडे. डावखुऱ्यांनी हे उलट वाचावं.

जोरात फेकताना हा फरक फार वाढतो. टीवरून, म्हणजे पहिल्या फेकीच्या जागेवरून, पूर्ण ताकदीने मऊ पटर फेकली तर खेचताना तिचा काठ वाकतो, सुटताना तो परत सरळ होतो आणि डिस्क हवेत थरथरत निघते. थरथरणारी डिस्क वेग गमावते आणि दिशा सोडते. फोरहँडला तर दोन बोटांचा सगळा जोर काठाच्या एकाच जागी पडतो, तिथे मऊ काठ अजिबात नको. आमचं मत इथे स्पष्ट आहे: टीवरून फेकायची पटर कडकच असावी, आणि टिकाऊ प्लास्टिकची असावी. बास्केटजवळची वेगळी ठेवा.

यावर लोक सुचवतात की एकाच साच्याच्या दोन डिस्क घ्या, एक मऊ आणि एक कडक, म्हणजे हाताला सवय एकच राहील. सल्ला चांगला आहे, पण दोन्ही सारख्या उडतील असं धरून चालू नका. डिस्क साच्यात वितळलेलं प्लास्टिक दाबून भरून बनवतात आणि थंड होताना ते आकसतं. प्रत्येक प्लास्टिक वेगळं आकसतं, म्हणून माथ्याचा फुगवटा आणि काठाची उंची थोडी बदलते. डिस्क डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरून काठाकडे बघा. बाहेरच्या कडेवर एक बारीक रेघ दिसेल, तिथे साच्याचे दोन भाग जुळतात. ही रेघ डिस्कच्या खालच्या कडेपासून जितकी वर, तितकी डिस्क साधारणपणे जास्त ओव्हरस्टेबल, म्हणजे उजव्या हाताच्या बॅकहँडला शेवटी डावीकडे जास्त ओढणारी. एकाच नावाच्या दोन डिस्क टेबलावर शेजारी ठेवल्या तरी कधी कधी ही रेघ दीड-दोन मिलिमीटरने वरखाली असते आणि तेवढ्याने उडणं बदलतं.

साखळीवर आदळताना

मऊ पटरचं खरं बलस्थान हे. साखळीवर आदळली की ती दबते, आघाताची बरीच ताकद त्या दबण्यात खर्च होते, साखळीचे दुवे तिच्या पृष्ठभागाला घासून धरतात आणि ती खाली ट्रेमध्ये पडते. कडक पटर दबत नाही. ती मधल्या खांबावर बसली तर उसळून बाहेर येते. कडेच्या साखळीला लागली तर दुव्यांमधून घसरून मागे निघून जाते.

पण हा फायदा प्रत्येकाला सारखा मिळत नाही. तुम्ही पटर जोरात, सरळ रेषेत, भरपूर फिरकीने मारत असाल तर ती साखळीला वेगात भिडते आणि मऊपणाचा फायदा दिसतो. तुम्ही ती उंच, हळू, तरंगत सोडत असाल तर ती साखळीवर मुळातच अलगद पडते. तिथे मऊपणाने फार काही बदलत नाही, उलट हातातून स्वच्छ सुटणं जास्त महत्त्वाचं. हळू तरंगवणाऱ्या खेळाडूने केवळ साखळी पकडावी म्हणून मऊ डिस्क घेणं आम्हाला पटत नाही.

बास्केट कोणतं, हेही बघावं लागतं. घडी घालता येणाऱ्या हलक्या सरावाच्या बास्केटला साखळ्या कमी आणि बारीक असतात. त्यावर कडक पटर जितक्या वेळा आरपार जाते, तितकी ती जाड, दुहेरी साखळ्यांच्या बास्केटवर जात नाही. घरच्या अंगणातल्या बास्केटवरून निष्कर्ष काढून सगळ्या डिस्क बदलू नका. आणि बास्केट नसेल, झाडाचा बुंधा किंवा विजेचा नसलेला खांब नेम म्हणून धरत असाल, तर साखळीचा विचार पूर्ण बाजूला ठेवा. त्या सरावाला कडक पटर घ्या आणि फक्त सुटण्याकडे लक्ष द्या.

जमिनीवर पडताना

मऊ डिस्क सपाट पडली तर जमीन धरते आणि लवकर थांबते. कडक, चकचकीत डिस्क घसरते, कधी टप्पा घेऊन पुढे सरकते. नागपुरात हा फरक मैदानावर आणि महिन्यावर फार अवलंबून आहे. उन्हाळ्यात बहुतेक मैदानं फरशीसारखी टणक होतात, गवत जळून गेलेलं असतं, आणि बास्केट चुकवून गेलेली कडक पटर पाच-सात मीटर पुढे सरकू शकते. पावसाळ्यात त्याच जागी ती जिथे पडते तिथेच रुतते. काठावर उभी पडली तर मऊ काय, कडक काय, दोन्ही गडगडतात. तिथे प्लास्टिकपेक्षा डिस्क कोणत्या कोनात पडली हेच ठरवतं.

मुरमाड जागेचा हिशेब वेगळा. सेमिनरी हिल्सच्या बाजूचे मुरमाड उतार किंवा शहराबाहेरची खडकाळ माळरानं अशा जमिनीवर स्वस्त प्लास्टिकच्या ड्रायव्हरच्या धारेला पहिल्याच दिवशी कुसळं निघतात. अशा जागी ड्रायव्हर टीपीयूचीच घ्या. निघालेली कुसळं बारीक पॉलिश पेपरने घासून काढायला नियमांची हरकत नाही. मात्र घासून घासून डिस्कचा आकारच बदलला, किंवा तिच्यावर जाड रंगाचा थर दिला, तर ती स्पर्धेत चालत नाही.

नागपूरचं वर्ष

मार्चअखेरपासून जूनच्या मध्यापर्यंत पारा चाळीसच्या आसपास किंवा वर असतो आणि नवतप्याच्या दिवसांत 45 पार जाणं नवं नाही. या काळात नेहमीच्या पसंतीपेक्षा एक पायरी कडक डिस्क घ्या. एरवी सॉफ्ट आवडते त्याने मीडियम, मीडियम आवडते त्याने फर्म. उन्हात ती तुमच्या ओळखीच्या मऊपणावर येऊन बसते. अतिमऊ प्रकार या दिवसांत घरीच राहू द्या; त्यांचा माथा इतका ढिला पडतो की अंगठ्याच्या दाबाने खोलगट होतो आणि सुटताना डिस्कचं नाक, म्हणजे पुढची कड, वर जातं. नाक वर गेलं की डिस्क हवेत उभी राहते आणि बास्केटच्या अलीकडेच पडते. लोक ताकद कमी पडली म्हणून आणखी जोर लावतात, तेव्हा खरं कारण हे असू शकतं.

खेळायची वेळ सकाळी साडेपाच ते साडेसात आणि संध्याकाळी सहानंतरची. दुपारी खेळूच नये, प्लास्टिकपेक्षा माणसाची काळजी आधी. याच काळात तळहाताला घाम येतो आणि त्यावर धूळ बसते. ओल्या धुळीचा हा पातळ थर कोणत्याही प्लास्टिकची पकड घालवतो. दोन फडकी ठेवा, एक ओलसर आणि एक कोरडं: आधी ओल्याने काठाची आतली बाजू पुसा, मग कोरड्याने. हाताला लावायची खडूची किंवा राळेची पुडी नियमात बसते.

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत पाऊस आणि काळी माती. टीपीयूची चकचकीत डिस्क ओली झाली की साबणासारखी निसटते, म्हणून इथे मऊपेक्षा खरबरीत पृष्ठभाग महत्त्वाचा. मूळ दर्जाचं खरबरीत प्लास्टिक या दिवसांत चांगलं चालतं, शिवाय मऊ जमिनीवर पडत असल्यामुळे झिजतही कमी. काळ्या मातीचा एक त्रास कंपन्यांच्या माहितीपत्रकात सापडणार नाही. काठाच्या आत, माथा आणि काठ मिळतात त्या कोपऱ्यात, ती गोळा होऊन बसते. एकाच बाजूला जरा जाड थर राहिला तरी डिस्कचा तोल जातो आणि ती डगमगत उडते. प्रत्येक फेकीनंतर अंगठ्याचं नख त्या कोपऱ्यात फिरवून पूर्ण गोल साफ करा. जुना टूथब्रश असेल तर उत्तम.

ऑक्टोबरची उष्णता सरली की नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खेळायचा सगळ्यात चांगला काळ. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास येतो, गवतावर दव असतं आणि बोटं कोरडी, थंड असतात. आता उलटं करा: एक पायरी मऊ. उन्हाळ्यात नकोशी झालेली सॉफ्ट पटर या सकाळी नेमकी मीडियमसारखी वागते. नऊ-दहा वाजता ऊन चढलं की ती परत नरम पडते, तेव्हा लांब फेरी खेळायची असेल तर दोन्ही सोबत ठेवा.

नावं कशी वाचायची

डिस्क आपल्याकडे बहुधा मागवून घ्यावी लागते, दुकानात जाऊन दाबून बघता येत नाही. म्हणून नावं समजून घेतलेली बरी. लॅटिट्यूड 64 च्या झिरो प्लास्टिकमध्ये सॉफ्ट, मीडियम, हार्ड असे सरळ प्रकार आहेत. वेस्टसाइडच्या बीटीमध्येही तेच. एमव्हीपीच्या इलेक्ट्रॉनमध्ये सॉफ्ट, मीडियम, फर्म असतात, पण त्यांच्या डिस्क दोन भागांच्या: आतला गाभा एका प्लास्टिकचा, बाहेरचा काठ दुसऱ्याचा. सॉफ्ट-फर्म हा फरक गाभ्यात असतो, म्हणून त्यांची सॉफ्ट डिस्क बाहेरून तितकी दबत नाही. गेटवेच्या प्लास्टिकवर एस अक्षरं जितकी जास्त, तितकी डिस्क मऊ. प्रॉडिजीच्या 300 मध्येही सॉफ्ट आणि फर्म मिळतात. इनोव्हाच्या डीएक्स, प्रो, स्टार, चॅम्पियन या नावांतून मात्र कडकपणा थेट कळत नाही, ती मुख्यतः टिकाऊपणाची आणि दर्जाची नावं आहेत.

एकाच नावाखाली वेगवेगळ्या वेळी काढलेल्या मालातही फरक पडतो. कुणाकडून जुनी डिस्क घेत असाल तर माथा आणि काठ वेगवेगळे विचारा. माथा मऊ पण काठ कडक अशीही डिस्क असते, आणि पटिंगला ती बऱ्याच जणांना मानवते: अंगठ्याला गादी मिळते, पण बोटांखालचा काठ हलत नाही.

वजनाचा गोंधळही इथेच मिटवू. नियमाप्रमाणे डिस्कचं वजन तिच्या व्यासाच्या दर सेंटिमीटरला 8.3 ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. 21.2 सेंटिमीटरच्या पटरचा हिशेब जेमतेम 176 ग्रॅम होतो, म्हणून बाजारात बहुतेक पटर 170 ते 175 ग्रॅमच्या दिसतात. वजन आणि कडकपणा यांचा थेट संबंध नाही. 175 ग्रॅमची डिस्क अगदी मऊ असू शकते. कडकपणालाही नियमात वरची मर्यादा आहे: ठरलेल्या चाचणीत डिस्क वाकवायला 12.25 किलोपेक्षा जास्त जोर लागता कामा नये. ही अट सुरक्षेसाठी आहे, कारण कडक काठाची डिस्क माणसाला लागली तर जखम करते.

घरी कडकपणा मोजायचा तर

कंपन्यांचे शब्द एकमेकांशी जुळत नसल्यामुळे आपल्याजवळच्या डिस्क आपणच एका मापात आणणं शहाणपणाचं. स्वयंपाकघरातला 10 किलोपर्यंतचा डिजिटल वजनकाटा पुरतो. सगळ्या डिस्क रात्रभर एकाच खोलीत ठेवा आणि सकाळी मोजा, नाहीतर तापमानच मोजलं जाईल. काटा फरशीवर ठेवा, त्यावर डिस्क काठावर उभी धरा, मागे भिंतीला टेकवून एक मोजपट्टी उभी ठेवा. डिस्कच्या वरच्या कडेवर छोटी सपाट फळी ठेवून काटा शून्यावर आणा. आता फळी सरळ खाली दाबा आणि डिस्कची उंची एक सेंटिमीटरने कमी झाली की आकडा वाचा. डिस्क चौथाई फिरवून पुन्हा मोजा आणि दोन्हींची सरासरी घ्या. आकडा काट्याच्या मर्यादेजवळ गेला तर तिथेच थांबा, काटा बिघडेल. ती डिस्क कडकच आहे एवढं समजलं तरी पुरे.

हे माप काठाचं झालं. माथ्यासाठी डिस्क टेबलावर काठ खाली करून ठेवा आणि मधोमध अंगठ्याने दाबा. माथा टक्कन आत जाऊन तसाच राहिला तर तो पातळ किंवा ढिला आहे. दाब काढताच लगेच वर आला तर ठीक. मापं डिस्कच्या आतल्या बाजूला मार्करने तारखेसह लिहून ठेवा. हेच मोजमाप मे महिन्यात आणि जानेवारीत एकदा करा, म्हणजे तुमच्या कोणत्या डिस्क उन्हाने जास्त ढिल्या पडतात ते आकड्यांत दिसेल.

कोणती आपली, हे ठरवण्याची चाचणी

दोन डिस्क हव्यात: एकच साचा, वजनात दोन ग्रॅमपेक्षा जास्त फरक नाही, एक सॉफ्ट आणि एक फर्म. पाच, सात आणि नऊ मीटरवर खुणा करा. दहा मीटरच्या आत पटिंगचे नियम कडक होतात. डिस्क सोडल्यावर तोल सावरल्याशिवाय बास्केटकडे पाऊल टाकता येत नाही. म्हणून हीच अंतरं सरावाला योग्य. प्रत्येक खुणेवरून दोन्ही डिस्क आळीपाळीने वीस-वीस वेळा टाका. आळीपाळीनेच, आधी एकीच्या सगळ्या आणि मग दुसरीच्या असं केलं तर दुसरीच्या वाट्याला थकलेला हात येतो.

कागदावर नुसतं ‘गेली’ आणि ‘चुकली’ लिहू नका. चार रकाने करा: आत गेली, साखळीला लागून बाहेर आली, साखळीला न लागता डावी-उजवीकडे गेली, वर किंवा अलीकडे गेली. दुसरा रकाना साखळीचा आहे. तो फर्म डिस्कला ठळकपणे जास्त भरला आणि तिसरा दोन्हींचा सारखाच असेल, तर मऊ प्लास्टिकचा तुम्हाला खरा फायदा आहे. तिसरा रकाना सॉफ्टला जास्त भरला, आणि त्यातही एकाच बाजूला, तर डिस्क हातात रेंगाळते आहे, फर्म घ्या. चौथा सॉफ्टला भरत असेल तर माथा अंगठ्याखाली दबतोय का ते बघा, अंगठा मधून काठाकडे सरकवून पुन्हा वीस फेका. दोन्ही डिस्कचे चारही रकाने सारखेच असतील तर प्लास्टिकवर पैसे घालवू नका, हात अजून स्थिर व्हायचा आहे.

ही चाचणी सकाळी आणि संध्याकाळी अशी दोनदा करा. उन्हाळ्यात निकाल बरेचदा बदलतो आणि तोच कामाचा असतो.

सुरुवात करणाऱ्याला आमचा सल्ला असा: पहिली पटर मीडियम, मूळ दर्जाच्या प्लास्टिकची, 170 ग्रॅमच्या आसपास. मिडरेंज टीपीयूची, मध्यम कडक. ड्रायव्हर घाईने घेऊ नका. घेतली तर कमी वेगाची फेअरवे ड्रायव्हर, टिकाऊ प्लास्टिकची. लहान मुलांसाठी 150 ग्रॅमच्या आसपासची मऊ डिस्क, कारण तिथे पहिली गरज लागू नये ही आहे. बागेत किंवा मैदानावर फिरायला येणारी माणसं असतील तर मोठ्यांनीही कडक ड्रायव्हर पिशवीतच ठेवावी.

डिक्की आणि गाडी

नागपुरात डिस्क बिघडण्याचं मोठं कारण दगड नाही, साठवण आहे. स्कूटरच्या डिक्कीत किंवा उन्हात उभ्या बंद गाडीत दुपारी तापमान 60 अंशांच्या घरात सहज जातं. त्यात मऊ डिस्क तिरकी अडकून राहिली, वर हेल्मेट किंवा पाण्याची बाटली असली, तर संध्याकाळी ती वाकडी निघते. डिस्क घरात, सावलीत, काठावर उभ्या आणि एकमेकींना सैल टेकून ठेवा. एकावर एक रचायच्याच असतील तर चार-पाचपेक्षा जास्त नको.

वाकलेली डिस्क बहुतेक वेळा सरळ करता येते. गिझरचं कढत पाणी, हात जेमतेम घालता येईल असं, बादलीत घ्या. उकळतं नको, उकळत्याने स्वस्त प्लास्टिकचा काठ नागमोडी होतो. डिस्क एक-दोन मिनिटं पूर्ण बुडवा. काढून सपाट फरशीवर काठ खाली करून ठेवा आणि दोन्ही तळहातांनी फक्त काठावर, गोल गोल फिरत दाबा. माथ्यावर पुस्तक किंवा वजन ठेवू नका, फुगवटा बसतो. काठ सगळीकडून फरशीला टेकला की तशीच धरून वर थंड पाणी ओता आणि दहा मिनिटं हलवू नका. टीपीयूची डिस्क एका खेपेत सरळ येते, स्वस्त प्लास्टिकला दोनदा करावं लागतं.

थंडीच्या दिवसांत कडक डिस्क दगडावर जोरात आदळली तर लगेच तपासा. दोन्ही हातांनी ती हलकेच वाकवा आणि काठ व माथा मिळतात तो आतला कोपरा उजेडाकडे धरून पूर्ण गोल बघा. केसाएवढी पांढरी रेघ दिसली तर तिच्यावरून आडवं नख फिरवून पाहा. नख अडकलं तर तडा आहे. तडा गेलेली डिस्क स्पर्धेत चालत नाही आणि जोरात फेकली तर हवेतच फाटू शकते. नख अडकलं नाही तर तो नुसता ताणाचा डाग आहे. डिस्क वापरा, पण पुढचे काही दिवस त्याच जागेवर लक्ष ठेवा.